नानांवरचा आळ

वसंताच्या दशक्रियेला गोदावरीकाठी माइक लावला होता. आमच्याकडे हल्ली तो लागतोच. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं ताटकळली होती, तेवढ्यात वसंताचा चुलतभाऊ प्रकाश बोलायला उठला. "आमचं घराणं देशभक्तांचं," तो म्हणाला. "वसंताचे वडील, आमचे नाना, इंग्रजांच्या आरमारात बंड करून आलेले. तोच वारसा वसंताने चालवला..." लोकांनी माना डोलावल्या. मी तिथून निघालो. मागून कुणीतरी हाक मारली, "सर, दोन घास तरी घ्या." पण त्या पंगतीत बसलो असतो तर माझ्या तोंडून भलतंच काहीतरी गेलं असतं. त्याला आता दोन महिने होत आले. राग ओसरला की लिहू, असं ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून तसाच लिहायला बसलो आहे.

वसंत आणि मी नाशिकरोडच्या एका शाळेत बरोबरच लागलो. तो चित्रकला शिकवायचा, मी गणित. फळ्यावर नुसत्या हाताने असं वर्तुळ काढायचा की मी माझा लाकडी कंपास गुपचूप टेबलाखाली ठेवायचो. तो मूळचा देवळ्याकडचा. त्याचे वडील, नाना, तरुणपणी आरमारात खलाशी होते. सेहेचाळीस साली एकाएकी घरी परत आले आणि उरलेला जन्म त्यांनी लोकांच्या कांद्याच्या चाळी राखण्यात काढला. का परत आले, ते गावाला पक्कं ठाऊक होतं. जहाजावरचं रेशन चोरलं, म्हणून साहेबाने हाकललं! पोरंसोरंसुद्धा त्यांना मागून 'आरमारी चोर' म्हणायची. नाना वळूनही बघायचे नाहीत. वसंताची थोरली बहीण, ताराआक्का, दिसायला-वागायला कुठे कमी नव्हती. पण बघायला आलेली माणसं पोहे खाऊन जायची, वेशीपाशी कुणीतरी त्यांच्या कानाला लागायचं आणि निरोप यायचा की योग नाही. आक्का तशीच राहिली. भावाकडे आली, त्याच्या पोरांना तिने वाढवलं.

नव्वद सालच्या सुरुवातीला नाना गेले, एक शब्द न बोलता. त्यानंतर वसंताने शोध सुरू केला. मला म्हणाला, "चोर असतील तर चोर. पण गावाने सांगितलं म्हणून मी मानणार नाही. नोंद बघेन, मग मानेन." दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, तो मुंबईच्या खेपा घालायचा. एक-दोनदा मीही गेलो. एका कार्यालयात बाकावर दुपारपर्यंत बसवल्यावर टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं, "वडील हयात आहेत का?" वसंत नाही म्हणाला. "मग आता कशाला उकरताय?" मी उठून भांडायला लागलो तर वसंतानेच मला बाहेर ओढलं. दर वेळी उत्तर एकच यायचं, या नावाची नोंद आढळत नाही. आक्का विचारायची, "लागला का रे काही पत्ता?" आणि तो मान हलवायचा. त्या काळातच आक्काही गेली. तिला कळायला हवं होतं. तिला तरी...

पुढे त्याच्याच लक्षात आलं की त्या काळी भरती करणारे आडनावाच्या जागी सर्रास बापाचं नाव लिहून घेत. आजोबांच्या नावाने त्याने पुन्हा अर्ज केला आणि या खेपेला नोंद सापडली. शिस्तभंगाबद्दल कमी केले, संपात सामील, अन्न घेण्यास नकार. चोरीचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. ज्या माणसाने बरोबरीच्या खलाशांसाठी ताटाला हात लावला नाही, त्याला गावाने अन्नचोर ठरवलं होतं.

वसंत दुसऱ्याच दिवशी एसटीने गावाला निघाला. मी बरोबर होतो. नानांचे धाकटे भाऊ, पोलीसखात्यातून निवृत्त झालेले दौलतकाका, ओट्यावर ऊन खात बसले होते. वसंताने नोंद वाचून दाखवली. म्हातारा जराही दचकला नाही.

"माले मालूम व्हतं," तो म्हणाला.

वसंताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. काकांनीच मग सांगितलं. ते तेव्हा पोलिसात भरती होऊ बघत होते. भाऊ बंडवाला निघाला असता तर त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं. चोर निघाला तर तेवढी अडचण नव्हती. म्हणून गावात चोरीची बातमी त्यांनीच सोडली आणि आजोबांनी नानांना शपथ घातली, धाकट्याची नोकरी लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"आणि नोकरी लागल्यावर? स्वातंत्र्य आल्यावर?" वसंताने विचारलं.

"मग कोणी इचारलंच नाही."

"काका, आक्काचं लग्न मोडत होतं तेव्हा तुम्ही घरातच होतात."

वसंताने एकच मागणं केलं, "आता पारावर चला आणि हे चार माणसांत सांगा." काका म्हणाले, "ह्या वयात माझी शोभा करतो का?" हा प्रकाश, काकांचा मुलगा, तेव्हा दारातच उभा होता. त्याने वसंताच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, जुनी गोष्ट. आता सोडून दे ना."

मी ओरडेन की काय असं मला झालं होतं. वसंत ओरडला नाही. आलेला चहा तसाच ठेवून उठला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या गावी गेला नाही. काकांच्या मयतीलाही नाही. तेव्हा हाच प्रकाश भावकीत सांगत फिरला, "वसंतादादाला माणुसकी नाही." मग आरमाराचा उठाव, खलाशांचे सत्कार असं पेपरात छापून यायला लागलं आणि घराण्यात देशभक्ती उगवली. त्याच तोंडातून!

परवा वसंताच्या घरी गेलो. वहिनींनी सांगितलं, प्रकाश येऊन गेला. गावात नानांच्या नावाने कमान उभारायची म्हणतो. आक्काच्या ट्रंकेत तिच्यामागे नानांचा खलाशाच्या गणवेशातला फोटो सापडला होता, वसंताने तो बैठकीत लावला होता. रोज शाळेला निघताना त्याच्या काचेवरून रुमाल फिरवायचा. कमानीवरच्या फ्लेक्ससाठी प्रकाशला तो हवा होता.

"मग दिलात?" मी विचारलं.

"छे," वहिनी म्हणाल्या. "सांगितलं त्याला, भाऊजी, फोटो भिंतीवरून हलायचा नाही. गावाला बघायचाय ना, तर गावाने इथे यावं. एकेकाने. चपला बाहेर काढून."

मी उंबऱ्यातच उभा होतो. वाकलो, चपला काढल्या आणि आत गेलो. काच लख्ख होती. आता रुमाल वहिनी फिरवतात.