नोंदणीतला मोबाईल नंबर

ते प्रकरण मी विसरू शकलेलो नाही. त्यातली पहिली चूक माझी होती आणि ती गुन्हा दाखल होण्याच्या वर्षभर आधी झाली होती.

तेव्हा पोलीस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक जळगावात होती. छोट्या ठेकेदारांच्या एका संघटनेने मला सायबर फसवणुकीवर बोलायला बोलावले. वायरमन, प्लंबर, रंगारी, फरशी बसवणारे, असे शंभरेक लोक जमले होते. आधी दुसऱ्याच्या हाताखाली राबलेले आणि आता स्वतःच्या नावावर कामे घेणारे हे लोक. चहा-फराळाचा आणि प्रोजेक्टरचा खर्च एका ऑनलाइन हिशेब सेवेने केला होता. बिले व्हॉट्सअॅपवर पाठवायची, बाकी सगळे ते बघणार, अशी ती सेवा. तिचा चालक चाळिशीतला, स्वच्छ कपड्यातला, मृदू बोलणारा माणूस होता. त्या वर्षी माझे आयकराचे विवरणपत्र त्यानेच भरून दिले होते. मी पैसे विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, तुमच्याकडून घेणं बरं दिसतं का?" मी पाकीट पुन्हा खिशात ठेवले.

माझी त्याची ओळख एवढीच. पण भाषण संपवताना मी त्या शंभर माणसांसमोर बोललो, "हिशेबाचं काम यांच्याकडे द्या. माणूस माझ्या ओळखीचा आहे."

त्याने माझा गणवेशातला फोटो काढला, खाली सेवेचे नाव टाकले आणि सगळीकडे फिरवला. मला तो फोटो आवडला होता. आता कबूल करायला बसलोच आहे, तर हेही कबूल करतो.

पुढे माझी बदली धुळ्याला, आर्थिक गुन्हे शाखेत झाली. एके दिवशी तांब्याच्या तारेचा एक व्यापारी तक्रार घेऊन आला. त्याने एका दलालामार्फत माल घेतला होता, बिलाप्रमाणे कर धरून रक्कम दिली होती, आणि आता कर खात्याची नोटीस आली होती की बिल देणाऱ्याने तो कर भरलेलाच नाही. दलालाचा फोन बंद होता. बिलावरचे नाव आणि जीएसटी क्रमांक जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या एका इलेक्ट्रिक ठेकेदाराचे होते.

मला प्रकरण सरळ वाटले. तारेचा व्यवहार आणि बिलावर वायरिंग करणाऱ्याचे नाव. आमच्या शाखेत एक वयस्कर हवालदार होते, सगळे त्यांना नाना म्हणत. ते म्हणाले, "साहेब, आधी त्याचं घर तर बघून घेऊ. एवढा माल विकणारा माणूस कुठे तरी दिसला पाहिजे."

मी म्हणालो, "कागद दिसताहेत ना?"

घर बघितले ते अटक करताना. दोन खोल्या, दारात जुनी स्कूटर, भिंतीला टेकवलेली शिडी. ठेकेदाराची बायको एवढेच म्हणत होती, "अहो, उद्या झेडपीच्या शाळेचं काम सुरू करायचंय. माणसं येतील सकाळी."

चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. पहिल्या दिवशी मी त्याला सहा तास बसवले. तो माझ्याच वयाचा होता, पण मी त्याच्याशी अरे-तुरेवरच बोललो.

"बिलं कोणी काढली?"

"साहेब, मी तार विकत घेतो. विकू कुठून?"

"तुझ्या नंबरावर निघाली आहेत. ओटीपी टाकल्याशिवाय पोर्टल उघडत नाही. कळतं ना?"

"मला कधी ओटीपी आलाच नाही."

"मग कोणाला आला? माझ्या आजोबांना?"

दारातला शिपाई हसला. मला त्या वेळी माझा टोमणा चांगलाच वाटला.

तो खाली बघून म्हणाला, "हिशेबवाल्यांना येतो साहेब. त्यांनीच नोंदणीत त्यांचा नंबर टाकला. म्हणाले, तुम्ही शिडीवर असता, हातात पक्कड असते, ओटीपीचा ताप तुम्हाला कशाला."

इथे थांबून सांगायला हवे, कारण खरी गोम इथेच आहे. आपल्याकडे अनेक छोटे ठेकेदार असेच करतात. नोंदणी आपल्या नावाची, पण मोबाईल आणि ईमेल हिशेब बघणाऱ्याचा. घराची किल्ली दुसऱ्याला देऊन ती परत मागायची नाही, तसा हा प्रकार. त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. उलट ती सोय वाटते आणि ती मिळाली म्हणून ते खूश असतात.

मी विचारले, "असल्या लोकांकडे गेलासच कशाला? चौकशी करायला काय झालं होतं?"

तो प्रथमच माझ्या डोळ्यांत बघून बोलला, "साहेब, तुम्हीच तर सांगितलं होतं. त्या मीटिंगमध्ये मी तिसऱ्या रांगेत होतो. माझा फोन तुमच्याकडे जमा आहे, त्यात तुमचा फोटो असेल."

खोलीत नाना होते, शिपाई होता, जबाब टाइप करणारा कारकून होता. कारकुनाची बोटे थांबली. तो माझ्याकडे बघू लागला.

मी म्हणालो, "पुढे घे."

त्याने पुढे घेतले. 'सदर सेवेची माहिती मला मित्रांकडून मिळाली,' असे वाक्य मी स्वतः सांगितले. ठेकेदाराने सही केली. कोठडीतला माणूस वाचून सही करत नाही, हे मला माहीत होते.

नंतर नाना बाहेर चहा घेताना एवढेच म्हणाले, "साहेब, कोणते मित्र हो?"

अटकेची बातमी धुळे-जळगावच्या पेपरात आली. जिल्हा परिषदेने त्याची ठेकेदार म्हणून नोंदणी लगेच स्थगित केली. अकरा वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली वायरी ओढल्यावर ती त्याला मिळाली होती. शाळेचे काम दुसऱ्याला गेले.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी पिंपळनेरहून एक मुलगी वडिलांबरोबर एसटीने आली. घरी बसून परदेशातल्या कंपन्यांसाठी चित्रे आणि डिझाइनची कामे करणारी. पेपरात सेवेचे नाव ओझरते आले होते, तेवढ्यावरून ती आली होती. मी तिला बाहेरच्या बाकावर तासभर बसवून ठेवले. शेवटी तिचे वडील, डोक्याला टोपी, सरळ आत आले.

"साहेब, पोर काय सांगस ते आयकी तं ल्या. तिनाकडे बठ्ठं शे."

तिच्याकडे खरोखरच सगळे होते. सहा महिन्यांपूर्वी ती हीच सेवा घेणार होती. घेण्याआधी तिने चॅटवर तीन प्रश्न विचारले होते. नोंदणीत मोबाईल आणि ईमेल माझाच राहील ना? माझ्या विवरणपत्रावर कोणता सीए बघणार, त्याचा सभासद क्रमांक काय? उद्या सेवा सोडली तर माझी सगळी माहिती मला उतरवून घेता येईल ना?

पहिल्याचे उत्तर आले होते: 'मॅडम, ओटीपी आमच्याच नंबरवर येईल, तुम्हाला त्रास नको.' पुढे तो नंबर लिहिला होता. दुसऱ्याला उत्तर नव्हते. तिसऱ्यानंतर त्यांनी तिला ब्लॉक केले होते.

"तुला हे प्रश्न कोणी शिकवले?" मी विचारले.

ती म्हणाली, "कोणी नाही सर. माझ्या नावावर काय भरलं जातंय, ते मला दिसायला नको का?"

वडील दारातून म्हणाले, "आम्हाले बी अशीच इचारी इचारी बेजार करस ती."

मी कर खात्याकडून ठेकेदाराच्या नोंदणीची प्रत मागवली. हे काम अटकेच्या आधी करायचे असते आणि त्याला एका पत्रापेक्षा जास्त काही लागत नाही. प्रत दुसऱ्या दिवशी आली. मोबाईल नंबर तोच होता, चॅटमधला. तोच नंबर आणखी कितीतरी लोकांच्या नोंदणीत सापडला. सुतार, पेंटर, लग्नाचे फोटो काढणारे, घरून भाषांतर करणारी एक विधवा बाई. या सगळ्यांच्या नावाने कुठे तार, कुठे भंगार, कुठे सिमेंट विकले गेले होते आणि त्यांतल्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

सेवेच्या चालकाला आम्ही त्याच्या ऑफिसातून उचलले. तो आरडाओरडा करत नव्हता. फक्त मला बघून म्हणाला, "साहेब, तुम्हीच आलात? आमच्या जाहिरातीत तर तुमचाच फोटो आहे." दोन दिवसांत त्याने दलालाचे नाव दिले आणि व्यवहार उलगडला: बिले दुसऱ्यांच्या नावाने काढायची आणि कराची रक्कम दोघांनी वाटून घ्यायची. लोकांनी एवढा विश्वास का टाकला, असे विचारले तेव्हा म्हणाला, "कोणी काही विचारलंच नाही. कोणी सांगितलं, एवढंच विचारत होते."

दोषारोपपत्रातून ठेकेदाराचे नाव वगळले गेले. मला वरिष्ठांचे प्रशंसापत्र मिळाले. जबाबातले ते वाक्य मात्र जसेच्या तसे राहिले. जिल्हा परिषदेने नोंदणी पूर्ववत करण्याचा त्याचा अर्ज परत पाठवला, कारण 'अर्जदाराने सेवेची निवड योग्य चौकशी न करता केली' असा शेरा होता. तो शेरा माझ्याच तपासाच्या कागदांवरून घेतलेला होता.

मुदतीआधी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याची कारणे अनेक सांगितली. खरे कारण हे एक होते.

ऑनलाइन हिशेब सेवा घ्यावी की नाही, असे आता लोक मला विचारतात. घ्या. शिडीवर चढणाऱ्या माणसाने किंवा घरात एकट्याने काम करणाऱ्या मुलीने हे सगळे स्वतः करावे, असे मी म्हणणार नाही. पण ओटीपी तुमच्याच फोनवर आला पाहिजे. महिन्यातून एकदा स्वतः पोर्टल उघडून, आपल्या नावावर काय गेले, ते बघा. जबाबदार सीए कोण, ते लेखी घ्या. आणि कोणी मोठा माणूस, मग तो गणवेशात का असेना, 'माझ्या ओळखीचा आहे' म्हणाला, तर त्याला विचारा, ओळख कशी झाली. मला तेव्हा कोणी विचारले असते, तर मला उत्तर देता आले नसते.

गेल्या महिन्यात मी पिंप्राळ्याला गेलो. ठेकेदार एका नव्या इमारतीत दुसऱ्याच्या हाताखाली वायरिंग करत होता. मला बघून तो शिडीवरून उतरला. त्याच्याबरोबरची दोन माणसेही काम थांबवून उभी राहिली.

"या साहेब. काही चौकशी राहिली का?"

मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

"चार दिवस ठेवलं त्याची? ते सोडा. पोलिसांचं कामच आहे ते." तो हात पुसत म्हणाला. "पण मी खरं बोललो होतो. ते लिहायला तुमचं काय जात होतं?"

मी पुन्हा माफी मागितली. त्याने मान हलवली.

"तोंडी नको. माझंही तोंडीच होतं ना. लिहून द्या. झेडपीत लावतो."

त्याने वायरच्या खोक्यावर कागद ठेवून दिला. मी उभ्यानेच लिहिले:

'ही हिशेब सेवा आपण माझ्या जाहीर शिफारशीवरून घेतलीत. तसे आपण जबाबात सांगितले होते. स्वतःला वाचवण्यासाठी मी ते लिहू दिले नाही आणि खोटे वाक्य लिहायला लावले. आपली चूक नव्हती. मी आपला अपराधी आहे. मला माफ करा.'

खाली नाव लिहिले, निवृत्त पोलीस निरीक्षक असे लिहिले आणि सही केली. त्याने कागद घेतला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सावकाश वाचला.