उजवीकडची कोरी पानं

माझ्या मराठी प्रकाशकाने मला फसवलं, आणि माझ्यामार्फत माझ्या वडिलांना.

मिरजगावच्या स्टँडवरून जर्मनीला जायला निघालो तेव्हा आबा एसटीच्या खिडकीशी आले. आबा बैलांचे हेडी. जनावरांचे सौदे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एवढंच म्हणाले, "तिकडं पहिल्या बोलीला व्हय म्हनू नको."

बर्लिनमध्ये भाजीच्या ठोक बाजारात क्रेट उचलत मी जर्मन शिकलो आणि त्याच भाषेत लिहू लागलो. माझं लिहिणं तिथल्यांनाही विचित्र वाटतं: गोष्ट नाही, पात्रं नाहीत. पहिलं पुस्तक आबांच्या सौद्यांचं. बैलबाजारात तोंडाने दात, चाल, शिंगं यांवर वाद चालतो. खरा भाव उपरण्याखाली, एकमेकांची बोटं दाबून ठरतो. तिसऱ्याला तो कळत नाही. म्हणून पुस्तकात डाव्या पानावर ती बडबड आणि उजवं पान कोरं. जर्मन प्रकाशकाशी प्रत्येक कोऱ्या पानासाठी भांडलो, टेबलावर मूठ आपटली. एक पान सोडलं नाही.

मराठी आवृत्तीच्या वेळी मात्र घासाघीस केली नाही. आपली माणसं, म्हटलं, आणि न वाचता सही केली. बाहेर राहणाऱ्यांनो, तुम्हीही हेच केलं असतं.

छापून आलं तर उजवी पानं भरलेली! बैल कितीला गेला, मग आबा गोठ्यात कसे ढसाढसा रडले. संपादक फोनवर म्हणाले, "सर, कोरं पान पाहून वाचक पुस्तक परत आणतो. थोडी भर घातली. वडिलांचं दुःख पोचलं ना लोकांपर्यंत!"

कसलं दुःख? सौदा जमला की आबा बाजारात भेळ खायचे.

गावात पुस्तक पोचलं आणि भर बाजारात कुणीतरी टोमणा मारला, "काय आबा, उपरनं भावासाठी आनलंय का डोळं पुसायला?" तेव्हापासून आबा बाजारात जात नाहीत. माझ्याशी एकदाच बोलले. "उपरन्याखालचा भाव तुझ्या आईलाबी कधी सांगितला न्हाई. तू छापलास. अन् म्या कव्हा रडलो रं?" ते मी लिहिलेलं नाही, असं सांगितलं. "वर नाव तर तुझंच हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

परक्या भाषेत माझी गप्प राहण्याची जागा शाबूत आहे. स्वतःच्या भाषेत ती कुणीतरी भरून टाकली. घर म्हणजे आता आबांनी न उचललेला फोन.

संपादकसाहेब, नवी आवृत्ती नंतर बघू. आधी बाजाराच्या दिवशी मिरजगावला या आणि चार हेड्यांदेखत आबांना सांगा, की ते रडणं तुम्ही लिहिलंत. कधी येताय?