साहेबांचा डावा खांदा

टीव्हीवर रात्री साडेअकराला लागणारा तो गप्पांचा कार्यक्रम आम्ही दुपारी चारलाच उरकायचो, हे कळल्यावर आमच्या शेजारीणबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. "म्हणजे ते 'शुभ रात्री' खोटं?" आता पुढचं ऐकून त्यांचं काय होईल, देव जाणे.

त्या कार्यक्रमाच्या बँडमध्ये मी बास गिटार वाजवायचो. शेजारी ड्रमवर टोल्या. आमचे साहेब, म्हणजे कार्यक्रमाचे सूत्रधार, विनोद करायचे. विनोद संपला रे संपला की टोल्या 'बड-डम-टिस्स' करायचा, मग लोक हसायचे. चौदा वर्षांत एक ठोका चुकला नाही. शिवाय माणूस भरवशाचा. कुणाचं कुणाशी जुळलंय, कुणाच्या डोक्यावर टोप आहे, सगळं मी त्याच्या कानात ओतायचो. तो मान डोलवायचा. एक अक्षर कधी बाहेर गेलं नाही.

त्या दिवशी साहेब डावा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून आले. डावा खांदा आखडला होता. पहिला विनोद झाला. ड्रम गप्प, लोकही गप्प. दुसरा, तिसरा, तेच. साहेबांना दरदरून घाम फुटला. शेवटी ते आमच्या मेकअपवाल्या काकांबद्दल बोलू लागले. काका आदल्याच आठवड्यात गेले होते. बोलता बोलता टोचणारा पट्टा त्यांनी खांद्यासकट जरा उचलला, आणि...

बड-डम-टिस्स!

लोक हसून हसून लोळले.

मध्यंतरात तालमीच्या खोलीत धावलो. टोल्या तिथल्या ड्रमपाशी पाठमोरा बसला होता.

"टोल्या! अरे गाढवा!"

हूं नाही की चूं नाही. मी दोन झांजा उचलल्या आणि त्याच्या डोक्यामागे आपटल्या. कॉफीवाल्याच्या हातातला कप खाली पडला. टोल्या मात्र शांतपणे काठीला चिकटपट्टी गुंडाळत होता.

समोर जाऊन उभा राहिलो. माझा चेहरा बघून तो काय ते समजला.

"किती वर्षं?"

"सहा."

"आणि मी तुला एवढं काय काय सांगितलं, ते?"

"बाजूने काय कळणार? समोरून ओठ दिसले तर कळतं. ताल तुझ्या बासचा, खुर्चीतून अंगात येतो. आणि विनोद संपला की साहेब डावा खांदा उडवतात. कुणाला सांगू नकोस रे. हे सुटलं तर घरी बसून करू काय मी?"

तेवढ्यात साहेब आत घुसले, थेट टोल्यासमोर. "गेलेल्या माणसावर वाजवतोस? चालता हो! उद्यापासून..." रागाच्या भरात आखडलेला खांदा उडाला. "आई गं!"

बड-डम-टिस्स!

सवयीचा हात. कॉफीवाल्याला हसू फुटलं, मला फुटलं, कळवळत कळवळत साहेबांनाही फुटलं. मग मी सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहतं का!

साहेब मटकन खाली बसले. "मी खांदा उडवतो?" परक्याच्या खांद्याकडे बघावं तसे ते स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिले. "म्हणजे इतकी वर्षं लोक माझ्या विनोदाला..."

मग त्यांनी खुर्ची ओढली, टोल्याच्या अगदी समोर बसले आणि सावकाश ओठ हलवत विचारलं, "उजवा चालेल का?"

"चालेल," टोल्या म्हणाला. "पण मध्येच खाजवू नका."