चौथ्या तारखेलाही आलेली साक्षीदार

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या एका काउंटीच्या पोलीस दलात सार्जंट होतो. गंभीर रस्ते अपघातांचा तपास आमच्या पथकाकडे असे. एका संध्याकाळी ड्युटी संपवून सायकलने घरी निघालेल्या नर्सला एका गाडीने मागून उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. नर्स वाचली, पण तिचा उजवा पाय कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. एका बंद गोदामामागे, काच फुटलेली गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. मालक निघाला इथेच जन्मलेला, चांगल्या नोकरीतला मराठी तरुण. अटक झाली. चौकशीत वकील शेजारी बसला होता. तरुण म्हणाला, "गाडी चोरीला गेली. मी संध्याकाळभर घरी होतो. बहिणीला विचारा." पुढच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, 'नो कमेंट'.

थोरली बहीण ब्रिस्टलला शाळेत शिकवायची, पण राहायची घरीच. मी मराठी आहे हे कळल्यावर ती मराठीत बोलू लागली.

"काका, तो घरी नव्हता. लेट आला. केसात काच होता. मला म्हणाला, से आय वॉज होम."

"हे कोर्टात सांगावं लागेल. आईबाबांच्या देखत."

"माहीत आहे. पण ती नर्सचा पाय गेली ना, काका."

तिचं व्याकरण चुकत होतं, बाकी काही चुकत नव्हतं. तिने जबाबावर सही केली आणि तपासातला अडलेला दगड सरकला. आरोप ठेवले गेले. मॅजिस्ट्रेटपुढे प्रकरण हातातला चहा गार व्हायच्या आत आटोपलं आणि वर, क्राउन कोर्टाकडे गेलं. तिथे त्याने 'नॉट गिल्टी' म्हटलं. खटल्याची तारीख मिळाली ती थेट पुढच्या वर्षीची. आरोपी जामिनावर, नोकरी चालू.

पहिल्या तारखेला नर्स काठी टेकत आली, बहीण रजा काढून आली. दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की आज कोर्टरूम मोकळी नाही. दुसऱ्या तारखेला कोर्टरूमचं छत गळत होतं. तिसऱ्या वेळी सरकारी पक्षाचा बॅरिस्टर दुसऱ्याच खटल्यात अडकला होता. प्रत्येक वेळी काही महिन्यांनंतरची नवी तारीख.

मी तारखा लावणाऱ्या अधिकाऱ्यावर भडकलो. "पुढच्या वेळी साक्षीदार आलीच नाही तर?"

"सार्जंट, जजच नसेल तर मी काय करू?" तो म्हणाला. त्या बिचाऱ्याचंही खोटं नव्हतं.

नर्स मला म्हणाली, "दर तारखेआधी ती संध्याकाळ मला पुन्हा आठवून ठेवावी लागते. विसरायची परवानगी कधी मिळणार?" बहिणीशी आईने बोलणं टाकलं. ती खोली घेऊन वेगळी राहू लागली. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. भाऊ मात्र पुढच्या रांगेत.

चौथ्या तारखेला आरोपीच्या वकिलाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "तुमची साक्षीदार आली आहे?"

मी बोट दाखवलं. ती बाकावर ताठ बसली होती. वकील आत गेला आणि थोड्याच वेळात परतला. आरोपी गुन्हा कबूल करणार होता.

खटला सुरू होण्याआधीच संपला. त्याला तुरुंगवास झाला, पण कबुली दिली म्हणून शिक्षा थोडी कमी! ज्या माणसाने एवढा काळ फक्त बहीण दमायची वाट पाहिली, त्याला कायद्याने सूट दिली.

बाहेर पायऱ्यांवर नर्सने बहिणीला मिठी मारली. आई दोघींच्या शेजारून, मान वळवून निघून गेली. मग बहीण माझ्याकडे आली.

"काका, फर्स्ट टाइमला पण मी आलेली. मग तेव्हा का नाही कबूल केला?"

नोकरीत मी अनेक आरोपी पकडले आणि पुरावा भक्कम असला की काम झालं असं समजत आलो. त्या दिवशी कळलं की पुरावा टिकतो तो माणसांच्या जिवावर, आणि माणसं थकतात. त्या वकिलाला हे पक्कं ठाऊक होतं. कोर्ट चालवणाऱ्यांना ते आजही ठाऊक नसावं, किंवा असून पर्वा नसावी. त्या मुलीने जे सोसलं त्याची नोंद निकालपत्रात एका ओळीनेही नाही.