आक्का माझं नाव घ्यायची

वसमतच्या बाजारात हळदीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबायची, आकडा ठरतो. माझा हात असा रुमालाखाली असतानाच आक्काच्या गावाहून, सिद्धेश्वरहून आलेला माणूस म्हणाला, “दानूशेठ, आक्का गेल्या.” मी हात काढला नाही. सौदा पुरा केला. तेवढ्यात बस चुकली... पोहोचलो तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीला माती देऊन झाली होती.

हे लिहिताना मान वर होत नाही. पण आक्कावरचा माझा रागही उगाच नव्हता. पोती उचलता उचलता मी आडत उभी केली. फुकट कुणी काही देत नाही, देवही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुष्काळाच्या साली आक्काचा नवरा गेला. पाठोपाठ तिचं एकुलतं लेकरू तापानं फणफणलं. मी तिच्या गावच्या प्रार्थनाघरात जाऊन सरळ बोली लावली : पोरगं राख, या छपरावर नवे पत्रे घालतो. पत्रे आणून अंगणात टाकलेही. पोरगं गेलं. पुढच्या रविवारी आक्का सगळ्यांसमोर उभी राहिली आणि एवढे दिवस लेकरू मांडीवर दिलंस म्हणून प्रभूचे आभार मानू लागली. माझं डोकं फिरलं. भर उपासनेत ओरडलो, “काहून आभार मानून राहिली? फसवलं त्यानं!”

“सौदा तू केलास, दानू,” ती म्हणाली. “माझ्यापाशी द्यायला काय व्हतं? मी नुसता त्याचा हात धरला... त्योबी सोडला तर मी कुठं जाऊ?”

मी पत्रे बैलगाडीत घालून परत नेले. त्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही. ती दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी, ज्या घरात माणूस गेलं असेल तिथं जाऊन बसायची. चार भाकरी थापायची, एखादं गीत म्हणायची. कुणी सांगितलं की मी म्हणायचो, खुळी झाली.

मातीपाशी एक म्हातारी माझ्याजवळ आली. “तुमीच का दानूभाऊ? दमा कसा हाय आता?”

मी चमकलो. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“आक्का दर ऐतवारी तुमचं नाव घ्यायच्या प्रार्थनेत. आजारी पडल्या तवा मी घेतलं. म्हनायच्या, भाऊ लई तापट हाय, पर प्रभूला तापट मानसं चालत्यात.” आणि ती चक्क हसली. ज्यांच्या छपरासाठी आणलेले पत्रे मी उचलून नेले होते, ती माणसं माझ्या दम्यासाठी गुडघे टेकत होती...

परवाच्या रविवारी त्या प्रार्थनाघरात गेलो. छप्पर तेच, गळकं. तिथं प्रार्थनेआधी बसल्या जागेवरून एकेक जण कुणाचं तरी नाव सांगतो. बायकांच्या बाजूला सतरंजीचा एक कोपरा मोकळा होता, आक्काचा. तिथं अजून कुणी बसत नाही. पाळी त्या कोपऱ्याशी आली. मग आक्काच्या वतीनं म्हातारीनं माझं नाव घेतलं.

माझी पाळी आली. मी तिच्याकडे वळून विचारलं, “मावशी, तुमचं नाव काय?”