इनलेटची जाळी

साडेनऊच्या सुमारास पाण्याच्या गनचा जोर गेला. दोन मिनिटांपूर्वी जी धार फरशीवरचं काळं सोलून काढत होती, ती आता बागेला पाणी घालायच्या पाइपसारखी लोळायला लागली. पंप खडखडत होता, त्याचा लांब पाइप, होज, थांबून थांबून झटके देत होता. अर्धा हॉल आणि दोन भिंती धुवायच्या राहिल्या होत्या. बाहेर क्रेटची थप्पी तशीच उभी होती. अकरा वाजता पुण्याहून तपासणीचे साहेब येणार होते.

हॉल म्हणजे सायखेड्याजवळचं एक पॅकहाउस. द्राक्षं बागेतून तिथे येतात, बायका कात्रीने घड साफ करतात, पेट्या भरतात आणि पेट्या थंड खोलीत जातात. परिसरातल्या काही बागायतदारांनी मिळून एक जुनी शेड घेतली होती. युरोपला माल पाठवायचं त्यांचं ते पहिलंच वर्ष. शेडमध्ये आधी ट्रॅक्टरचं गॅरेज होतं, त्यामुळे फरशी तेलाने काळीठिक्कर. तपासणीत पास झालं तर दुसऱ्या दिवशी पॅकिंग सुरू. नापास झालं तर पुढची तारीख कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं, आणि तयार द्राक्षं तारखेसाठी थांबत नाहीत.

मी सातपूरच्या एका कारखान्यात सोळा वर्षं फिटर होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कारखाना बंद पडला आणि मी प्रेशर वॉशर घेतला. पाणी प्रचंड दाबाने फेकणारं मशिन, एवढंच ते. तेव्हा नाशकात फार जणांना ते माहीत नव्हतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, आयटीआय करून शेवटी धुणीभांडीच का?" मी पाण्याच्या टाक्या धुतल्या, पेट्रोल पंप धुतले, ट्रक धुतले. पॅकहाउस हे पहिलं मोठं काम होतं. ते चांगलं झालं, तर आजूबाजूची पॅकहाउसं मिळणार होती. बिघडलं, तर मेहुणा बरोबर ठरणार होता.

माझ्यासोबत काशीनाथ होता. हरसूलकडच्या आदिवासी भागातला, माझ्याच वयाचा. आमच्याच कारखान्यात तो कंत्राटी कामगार होता. कारखाना बंद झाला तेव्हा आम्हा पर्मनंट लोकांच्या हातात काहीतरी पडलं, त्याच्या हातात काही पडलं नाही. मी धंदा काढल्यावर त्याला बोलावलं आणि त्याबद्दल स्वतःला फार मोठा समजत होतो.

आता मशिनबद्दल थोडं. त्याच्या पंपात तीन पिस्टन असतात. प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह, एक पाणी आत घेणारा, एक बाहेर सोडणारा. व्हॉल्व्ह शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा. त्यात खडा अडकला की तो पिस्टन कामातून गेला. म्हणून पाण्याचा ड्रम आणि पंप यांच्यामध्ये चहाच्या गाळणीसारखी एक जाळी असते. तिला इनलेटची जाळी म्हणतात.

त्या दिवशी बोअरच्या पाण्यात बारीक रेती येत होती. दर पंधरा मिनिटांनी जाळी तुंबायची, काशीनाथ ती काढून धुवायचा आणि पुन्हा बसवायचा. प्रत्येक वेळी पाच मिनिटं जायची. आठ वाजता मी ती स्वतः काढली. काशीनाथ म्हणाला, "नका काढू, साहेब." मी म्हणालो, पाणी आता स्वच्छ दिसतंय, वेळ नाही. आणि जाळी पँटच्या खिशात टाकली.

सव्वानऊला जिजी आल्या. बागायतदारांचे मुख्य होते अण्णा, त्यांची ही आई. हातात पूजेचं ताट. पहिला हंगाम, नवीन जागा, म्हणून त्यांनी दाराची पूजा केली, वजनकाट्याची केली, मग माझ्या मशिनला कुंकू लावलं. आणि आपल्याकडे नव्या विहिरीला करतात तसं ड्रममधल्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल सोडलं आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. मशिन चालू होतं. मी गमबूट काढून हात जोडले. मनात बरं वाटत होतं, एवढी मान्यता माझ्या धंद्याला पहिल्यांदा मिळत होती. फूल वर तरंगत राहिलं. तांदूळ खाली बसले, आणि पंपाचा पाइप ड्रमच्या तळालाच असतो.

धार गेल्यावर अण्णा धावत आले. मागे दोन बागायतदार आणि पॅकिंगच्या बायका. अण्णांनी विचारलं, काय झालं. काशीनाथने पाइप वर उचलला होता. टोकाला जाळी नव्हती, ते सगळ्यांना दिसत होतं.

मी त्याच्यावर ओरडलो. जाळी बसवली नाहीस, एवढं साधं कळत नाही, असं बोललो. तेवढ्यावर थांबलो नाही. अण्णांकडे वळून म्हणालो, "हरसूलच्या डोंगरातून उचलून आणलाय. मशिनची अक्कल कुठून येणार?"

पुढे बायकोला मी सांगितलं की त्या क्षणी मला जाळीची आठवणच नव्हती. ते खोटं होतं. ओरडत असताना ती मांडीला टोचत होती.

काशीनाथने पाने काढले, पंपाच्या टोप्या उघडल्या आणि एकेक व्हॉल्व्ह बाहेर काढला. तांदळाचे लाल-पिवळे कण त्याने नखाने साफ केले. एका व्हॉल्व्हचा प्लॅस्टिकचा पिंजरा तडकला होता, म्हणजे तिसरा पिस्टन गेला. बाकीचे त्याने बसवले. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "जाळी द्या, साहेब."

मी खिशातून काढून दिली. अण्णा तेव्हा फोन करायला गेले होते.

मशिन सुरू झालं, पण दाब निम्माच. मला काही सुचेना. काशीनाथ म्हणाला, एवढ्या दाबात क्रेट निघतील, भिंती निघतील, फरशीला आधी घासायला लागेल. तो सरळ पॅकिंगच्या बायकांकडे गेला. खराटे, सोडा आणि साबण मागवला. त्यातली एक म्हणाली, "मग मशिन कशाला आणलं? मशिन तर आम्हीच हाये." काशीनाथ म्हणाला, "तुमचं बिघडत नाय मावशी, म्हणून तर आलो." बायका हसल्या आणि पदर खोचून फरशीवर उतरल्या. त्या घासत पुढे गेल्या, मागून तो धार मारत गेला. मी क्रेट धुतले. मधल्या वेळात जाळी त्याने चार वेळा काढून धुतली.

अकराला पाच कमी असताना शेवटचं पाणी गटारात गेलं. फरशीचा मूळ राखाडी रंग अण्णांनीसुद्धा पहिल्यांदा पाहिला असेल.

तपासणीचे साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी पांढरं फडकं भिंतीवर फिरवलं, क्रेटच्या कोपऱ्यात फिरवलं, गटाराच्या झाकणाखाली बॅटरी मारली. दाराला प्लॅस्टिकचे पडदे लावा, एवढा एक शेरा लिहिला आणि पास केलं. फडकं त्यांनी टेबलावर टाकलं होतं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. पांढरं होतं. सोळा वर्षांच्या नोकरीत मला स्वतःच्या कामाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

निघताना अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. "पगारे साहेब, पुढच्या हंगामाचं काम तुमचंच. फक्त तो माणूस आणू नका. आज लय घोटाळा झाला असता."

मी म्हणालो, "बरं."

काशीनाथ तिथेच, तीन हातांच्या अंतरावर, होज गुंडाळत होता. त्याने गुंडाळी पूर्ण केली, मशिन टेम्पोत चढवलं आणि मागे ड्रमला टेकून बसला. टेम्पो फाटकापर्यंत गेला, तिथे मी ड्रायव्हरला थांबवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. नाशिकपर्यंत त्या माणसासोबत प्रवास करायचा होता आणि ते मला जमणार नव्हतं.

मी उतरून परत गेलो, तेव्हा अण्णा आणि मंडळी चहा घेत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "जाळी मी काढली होती. त्याने नको म्हटलं होतं. नंतर ती माझ्या खिशात होती."

अण्णांनी कप खाली ठेवला. "आणि आईच्या अक्षता?"

"अक्षता पडणारच, अण्णा. जाळी त्यासाठीच असते."

त्यांनी काशीनाथला हाक मारून आत बोलावलं आणि खरं काय ते विचारलं. तो म्हणाला, "जाळी निघाली व्हती, ती परत बसवली. काम झालं ना?"

मग अण्णा म्हणाले, "पुढच्या वर्षी तूच ये. साहेबांना जमलं तर येतील, नाय आले तरी चालंल." सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

टेम्पोत मी मागे त्याच्याजवळ बसलो आणि माफी मागितली. चांदोरी गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "जाळीचं काय नाय, साहेब. गावाचं नाव घ्यायला नको व्हतं."

त्या पॅकहाउसला काशीनाथ पुढे आठ हंगाम गेला, मी दोनदा. त्याच्या कामावर आम्हाला आजूबाजूची पॅकहाउसं मिळाली, मग दवाखाने, मग बसचा एक डेपो. दुसरं मशिन घेतलं ते तोच चालवायचा आणि नवीन ऑपरेटर त्याच्या हाताखाली तयार व्हायचे. मेहुण्याने स्वतःच्या बंगल्याची गच्ची आमच्याकडूनच धुऊन घेतली. या सगळ्याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही.

आमच्याकडे नियम आहे. जाळी बसवलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी स्विच दाबायचा नाही, मालकाने सांगितलं तरी नाही. पूजा करायची असेल तर मशिनची करावी, ड्रमला झाकण ठेवावं. हे ऑपरेटर पाळतात.

जाळीची चूक मी त्या दिवशी चारचौघांत कबूल केली. हरसूलचं ते वाक्य मात्र फक्त टेम्पोत मागे घेतलं, अण्णांसमोर आणि त्या बायकांसमोर नाही. सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोरच मागे घ्यावं लागतं. म्हणून ते इथे, छापून, मागे घेतो.