केकावरची तारीख

शिक्केबाईंनी नामंजुरीचं पत्र वाचलं आणि त्या हसत सुटल्या. साधंसुधं हसू नव्हे. ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दीर बिचारे धावत आले. बायकोच्या आजारपणानं त्यांची आधीच झोप उडालेली, त्यात आता वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. पलंगावर पडलेली धाकटी जाऊ मात्र टुणकन उठून बसली.

"काय झालं ताई? एकट्या एकट्या काय हसताय, आम्हालाही सांगा की!"

खरं तर त्या पत्रात हसण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. धाकटीला रक्ताचा कॅन्सर होता. रोज एक पिवळी गोळी, वाटाण्याएवढी. ती पोटात गेली की धाकटी चालायची, बोलायची, नवऱ्याशी कडाकडा भांडायची. पण एका डबीची किंमत दिरांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. पहिली डबी शिक्केबाईंच्या बांगड्या विकून आणली होती. आता बांगड्या संपल्या होत्या आणि डबीत नऊ गोळ्या उरल्या होत्या. विमा कंपनीनं कळवलं होतं की हे औषध घरी घेतलं जातं, दवाखान्यात भरती होऊन नाही, सबब खर्च मिळणार नाही. म्हणजे दवाखान्याच्या कॉटवर आडवं पडून गिळली तर ते औषध, आणि घरी उभ्यानं गिळली तर काय, चॉकलेट?

शिक्केबाईंना खरं नाव आहे, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. त्याच विमा कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं 'नामंजूर'चा शिक्का मारला. असा मारायच्या की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, पण हाताची सवय जाते थोडीच! "आज बाहेर जेवायला जाऊ या का?" असं दिरांनी विचारायचा अवकाश, बाईंची मूठ टेबलावर. धप! नामंजूर.

तर त्यांना हसू आलं होतं पत्राखालच्या सहीचं. 'सर्व कागदपत्रे मी स्वतः तपासली आहेत' या छापील ओळीखाली कंपनीच्या जाड्या डॉक्टरांची ऐटबाज सही होती, शेपूट पार कागदाच्या काठापर्यंत. तारीख गेल्या मंगळवारची.

"अगं, हे डॉक्टर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली! निरोपाचा केक मी आणलाय माझ्या हातानं. त्यांच्या मिशीला लागलेलं क्रीम मी पुसलंय!"

धाकटीही खिदळायला लागली. हसताना तिला खोकला यायचा, खोकताना पुन्हा हसू यायचं. दोघी जावा एकमेकींना टाळ्या देत असताना दीर पेला धरून उभेच. मग शिक्केबाईंची टाळी अर्ध्यातच राहिली. त्यांना सगळं आठवलं, आणि त्यांनी ते दोघांनाही सांगितलं.

ऑफिसचा नियम असा, की अर्ज नाकारायचा तर डॉक्टरांनी तो आधी वाचून सही करायची. जाड्या डॉक्टरांना या कामाचा भारी कंटाळा. त्यांच्या शेवटच्या दिवशी, केकच्या गडबडीत, शिक्केबाईंनीच 'औषध घरी घेतले, सबब नामंजूर' असे छापलेले दोनशे कोरे फॉर्म त्यांच्यापुढे सरकवले होते. "सह्या करून ठेवा साहेब, नवे डॉक्टर येईपर्यंत काम अडायला नको." एका हातात केक, दुसऱ्या हातात पेन, डॉक्टरांनी दोनशे सह्या ठोकल्या. आणि बघा गंमत, नवे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर! चष्मा लावून ओळ न् ओळ वाचणारे. तो गठ्ठा मग खालच्या खणात गेला. उद्या फाडू, परवा फाडू म्हणता म्हणता बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या बाबाला आता जणू खजिनाच सापडला होता.

"म्हणजे ताई, मला नामंजूर तुम्हीच केलंत!" धाकटी म्हणाली, आणि पुन्हा हसली. शिक्केबाईंना मात्र या वेळी हसू आलं नाही. त्यांनी चपला घातल्या, आणि धाकटीही हट्टानं बरोबर निघाली.

जाडे डॉक्टर अंगणात कुत्र्याला आंघोळ घालत होते. पत्र बघून त्यांच्या हातून पाइपच सुटला. "मी? गेल्या मंगळवारी? अहो बाई, मंगळवारी मी याच्या पिसवा काढत होतो!" कुत्र्यानं अंग झटकलं आणि साक्ष म्हणून तिघांनाही भिजवलं. डॉक्टरांनी कपाटातून निरोपाचा फोटो शोधून काढला. मध्ये डॉक्टर, शेजारी शिक्केबाई, आणि केकवर लाल अक्षरांत 'निरोप' आणि खाली तारीख.

ऑफिसकडे निघालेल्या रिक्षात धाकटीनं हळूच विचारलं, "ताई, हे बाहेर आलं तर तुमचं पेन्शन?"

"अडवतील तर अडवतील. तुझी गोळी अडवून मला पेन्शन गोड लागणार आहे का?"

ऑफिसातल्या साहेबांनी पत्र नीट वाचलंही नाही. "अपील करा. नव्वद दिवसांत उत्तर येतं."

"गोळ्या नऊ आहेत," शिक्केबाई म्हणाल्या.

"त्याला मी काय करू बाई? डॉक्टरांनी तपासून सही केलीये."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"ह्या." साहेबांनी सहीवर बोट ठेवलं. तेवढ्यात मागून ओल्या बाह्यांचे जाडे डॉक्टर फोटो घेऊन पुढे आले. "नमस्कार. ती सही माझी. आणि हा माझा केक."

साहेबांनी फोटो पाहिला, सही पाहिली, डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेचना. शिक्केबाईंनी मग आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं: सह्या मी घेतल्या, गठ्ठा मी ठेवला, फाडायचा आळस माझा.

चष्मेवाल्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्यांनी धाकटीचे सगळे कागद वाचले, अगदी पाठीमागची पानंसुद्धा. "हे नाकारलं कुणी? कॅन्सरची गोळी घरी घेतली तरी ती दवाखान्यातल्या उपचारासारखीच धरायची, हा नियम येऊन वर्ष झालं! माझ्याकडे हा कागद आलाच नाही." कसा येणार! फॉर्म जुन्या नियमाचा, सही जुन्या डॉक्टरांची. वाचायची भानगडच नको. त्यांनी तिथल्या तिथे मंजुरी लिहिली, आणि धाकटीनं सगळ्यांदेखत शिक्केबाईंच्या गालाचा मुका घेतला. जाड्या डॉक्टरांनी तर टाळ्याच वाजवल्या. शिपाईसुद्धा चहाचा ट्रे घेऊन दारात हसत उभा राहिला.

"चला, झालं तुमचं काम," साहेब घाईघाईनं म्हणाले. "विषय संपला."

शिक्केबाई आपल्या जुन्या टेबलाशी गेल्या आणि त्यांनी खालचा खण ओढला. तो अजून तसाच अडकत होता. आत तीन फॉर्म होते.

"दोनशे होते ना ताई?" धाकटीनं विचारलं.

"हो गं."

"तीन राहिले. एक माझा." तिनं बोटांवर हिशेब केला आणि तिचं हसू मावळलं. "म्हणजे माझ्यासारखे एकशे शहाण्णव."

जाडे डॉक्टर खाली मान घालून बाह्या पिळत राहिले.

"साहेब," शिक्केबाई म्हणाल्या, "जावक नोंदवही द्या. कोणाकोणाला ही पत्रं गेली, त्या सगळ्यांना कळवायचं."

"असं नाही करता येत हो! तुम्ही आता इथल्या कोण? वरून परवानगी लागेल, मीटिंग लागेल, पुढच्या महिन्यात..."

शिक्केबाईंची मूठ टेबलावर आली. धप! ट्रेमधला चहा हिंदकळला.

"नामंजूर!"

साहेबांनी चष्मेवाल्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मुकाट्यानं कपाटातून नोंदवही काढून टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्ची ओढून बसले. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि फोन पुढे सरकवला. शिक्केबाईंनी चष्मा लावला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि नंबर फिरवला. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"विमा ऑफिसातून बोलतेय काका. तुमचा अर्ज आम्ही चुकीचा नाकारला. चूक माझी आहे, ते मग बोलू. आधी सांगा, गोळ्या किती उरल्यात?"

"संपल्या हो. दोन आठवडे झाले."

शिक्केबाईंनी डोळे मिटले. धाकटीनं त्यांचा हात घट्ट धरला.

"मग आत्ताच्या आत्ता निघा काका," त्या म्हणाल्या. "असतील नसतील ते कागद घेऊन या. मी इथेच बसलेय."